दोन अभ्यासक्रम, एक वर्क परमिट : कॅनडातील पीजीडब्ल्यूपीचा कालावधी कसा मोजतात?

कॅनडात शिक्षण पूर्ण केलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तिथे काही काळ नोकरी करण्यासाठी जो परवाना मिळतो, त्याला पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट म्हणतात. बोलीभाषेत आणि कागदोपत्री त्याचे संक्षिप्त रूप पीजीडब्ल्यूपी. हा ‘ओपन’ परवाना आहे. म्हणजे अर्ज करताना हातात नोकरी असावी लागत नाही आणि पुढे मालक बदलला तरी नवा परवाना काढावा लागत नाही. सध्याच्या स्वरूपातली ही योजना २००८ पासून आहे. त्या वर्षी परवान्याची कमाल मुदत तीन वर्षे झाली आणि नोकरीचे पत्र दाखवण्याची अट गेली.

परवाना किती काळाचा मिळणार हे मुख्यतः अभ्यासक्रमाच्या लांबीवर ठरते. त्यामुळे एक छोटा कोर्स करून त्याला दुसरा छोटा कोर्स जोडायचा आणि दोन्हींची बेरीज करून मोठा परवाना मिळवायचा, हा मार्ग भारतीय विद्यार्थ्यांत लोकप्रिय झाला. पुण्या-मुंबईतल्या एजंटांकडे ‘वन प्लस वन’ या नावाने तो अनेक वर्षे विकला गेला. नियमांत ही सोय खरोखरच आहे. मात्र २०२४ पासून तिच्याभोवतीचे बाकीचे नियम इतके बदलले आहेत, की चार वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेल्या चुलतभावाचा सल्ला आज जसाच्या तसा लागू पडत नाही. पुढील माहिती २०२५ च्या अखेरपर्यंतच्या नियमांवर आधारित आहे.

मुदत कशी ठरते?

मूळ हिशोब सोपा आहे. आठ महिन्यांपेक्षा छोट्या अभ्यासक्रमावर परवाना मिळत नाही. आठ महिने ते दोन वर्षांपेक्षा कमी असा अभ्यासक्रम असेल, तर त्याच्या लांबीइतका परवाना मिळू शकतो. दोन वर्षे किंवा त्याहून मोठा असेल तर तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या वर कोणालाच मिळत नाही, मग चार वर्षांची पदवी असो की पीएचडी. क्यूबेक प्रांतातील काही अभ्यासक्रम तासांत मोजले जातात. तिथे आठ महिन्यांऐवजी ९०० तास हे किमान प्रमाण आहे.

या हिशोबात २४ महिन्यांच्या रेषेवर एकदम मोठी उडी आहे. २० महिन्यांचा कोर्स केला तर २० महिन्यांचा परवाना, पण २४ महिन्यांचा केला तर थेट ३६ महिन्यांचा. दोन अभ्यासक्रम जोडण्याचे सगळे आकर्षण या उडीत आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ पासून यात एक महत्त्वाचा अपवाद आला. मास्टर्स पदवीचा अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा छोटा असला, तरी तो किमान आठ महिन्यांचा असेल तर तीन वर्षांचा परवाना मिळू शकतो. एका वर्षाची मास्टर्स करणाऱ्याला त्यामुळे जोडाजोडीची गरजच उरली नाही. ही सवलत मास्टर्स पदवीलाच आहे. ‘ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ किंवा ‘पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा’ या नावांत ‘ग्रॅज्युएट’ हा शब्द असला, तरी ते अभ्यासक्रम कॅनडाच्या लेखी मास्टर्स नव्हेत. आपल्याकडे पीजी डिप्लोमा म्हटले की तो पदवीच्या वरचा वाटतो, आणि इथेच अनेक पालकांची गफलत होते.

बेरीज कधी धरली जाते?

कॅनडाचे इमिग्रेशन खाते म्हणजे आयआरसीसी. एकापेक्षा जास्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला त्यांची एकत्रित लांबी धरून परवाना देण्याची मुभा या खात्याच्या अधिकाऱ्यांना आहे. त्यासाठी प्रत्येक अभ्यासक्रम स्वतंत्रपणे पात्र असावा लागतो, म्हणजे प्रत्येक किमान आठ महिन्यांचा, पूर्णवेळ आणि पीजीडब्ल्यूपीसाठी पात्र असलेल्या संस्थेतला. अर्धा पात्र अधिक अर्धा पात्र मिळून एक पूर्ण होत नाही.

काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. बारा महिन्यांचे दोन कोर्स केले, तर बेरीज २४ महिने आणि परवाना तीन वर्षांपर्यंतचा. सोळा महिन्यांचा एक आणि आठ महिन्यांचा एक, तरी तेच. आठ महिन्यांचे दोन केले, तर बेरीज १६ आणि परवानाही १६ महिन्यांचा. इथे उडी लागत नाही. बारा महिन्यांचा एक आणि सहा महिन्यांचा एक केला, तर दुसरा मोजलाच जात नाही आणि परवाना बारा महिन्यांचाच राहतो. दोन वर्षांच्या डिप्लोमानंतर आणखी एक वर्षाचा कोर्स केला, तर मुदत वाढत नाही, कारण तीन वर्षांची कमाल मर्यादा आधीच गाठलेली असते. तरीही हे शेवटचे उदाहरण प्रत्यक्षात बऱ्याचदा दिसते आणि त्यावर लाखो रुपये खर्च होतात.

लांबी मोजताना विद्यार्थ्याने किती दिवसांत कोर्स संपवला हे पाहिले जात नाही. संस्थेने त्या अभ्यासक्रमाची अधिकृत लांबी किती ठरवली आहे, हे पाहिले जाते. उन्हाळ्याच्या सत्रात जादा विषय घेऊन दोन वर्षांचा डिप्लोमा लवकर संपवला, तरी तो दोन वर्षांचाच मानला जातो. उलट, नापास झाल्यामुळे एक वर्षाचा कोर्स दीड वर्ष रेंगाळला, तर परवाना दीड वर्षाचा होत नाही.

याचमुळे कॉलेजच्या माहितीपत्रकातील ‘वन इयर’ या शब्दांवर विसंबून चालत नाही. ओंटारियोतील अनेक ‘एक वर्षाचे’ सर्टिफिकेट कोर्स प्रत्यक्षात दोन सत्रांचे, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल असे आठ महिन्यांचे असतात. असे दोन कोर्स जोडले की बेरीज २४ ऐवजी १६ धरली जाण्याची शक्यता असते. संस्था अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे जे पत्र देते, त्यात कालावधी काय लिहिला जातो, हे प्रवेश घेण्याआधी ईमेलवर लेखी विचारून ठेवणे शहाणपणाचे. फोनवर मिळालेले ‘हो, होईल’ हे उत्तर अधिकाऱ्यासमोर कामाला येत नाही.

आयुष्यात एकदाच

पीजीडब्ल्यूपी एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच मिळतो. त्यामुळे दोन कोर्स जोडायचे असतील, तर पहिला कोर्स संपल्यावर परवाना घ्यायचा नाही. थेट दुसऱ्या कोर्सला प्रवेश घ्यायचा आणि दोन्ही संपल्यावर एकदाच अर्ज करायचा.

समजा, नाशिकची एक अभियांत्रिकी पदवीधर आठ महिन्यांच्या सर्टिफिकेटसाठी गेली. कोर्स संपल्यावर नोकरी लागेल या आशेने तिने लगेच परवाना काढला. तो आठ महिन्यांचा मिळाला. तो संपत आल्यावर तिने दोन वर्षांचा डिप्लोमा करायचे ठरवले. त्या डिप्लोमावर, तो कितीही चांगल्या कॉलेजातला असला तरी, तिला पुन्हा पीजीडब्ल्यूपी मिळणार नाही. तिचा एकमेव परवाना आठ महिन्यांत संपून गेलेला आहे. त्यानंतर उरतात ते मालकाच्या पाठबळावरचे परवाने किंवा एखाद्या प्रांताचे नामांकन. हे दोन्ही तिच्या हातात नसून मालकाच्या आणि प्रांताच्या हातात असतात.

मुदत संपलेला पीजीडब्ल्यूपी वाढवून मिळेल, अशी आशाही धरण्यात अर्थ नाही. कोविडनंतरच्या काळात कॅनडा सरकारने खास धोरणाखाली १८ महिन्यांची वाढ दिली होती. त्याचा लाभ २०२३ च्या अखेरपर्यंत मुदत संपणाऱ्या परवान्यांपुरता होता आणि पुढे ती वाढ बंद झाली. समाजमाध्यमांवर अजूनही ‘एक्स्टेन्शन येणार’ अशा बातम्या फिरतात. मुदतवाढीसाठी एकच नेहमीचे कारण शिल्लक आहे, ते म्हणजे पासपोर्टची मुदत. त्याविषयी पुढे येईल.

पहिल्या परवान्यावर पाणी सोडून दुसऱ्या कोर्सला बसणे हा एक प्रकारचा जुगारच आहे. त्या दरम्यान नियम बदलू शकतात, दुसऱ्या कोर्सचा स्टडी परमिट नाकारला जाऊ शकतो, घरी अडचण येऊन शिक्षण अर्धवट राहू शकते. पहिल्या कोर्सच्या जोरावर अर्ज करण्याची मुदत तोवर निघून गेलेली असते. आठ महिन्यांचा परवाना हातात असणे चांगले की सोळा किंवा छत्तीस महिन्यांच्या शक्यतेमागे जाणे चांगले, याचे उत्तर परवाना कशासाठी हवा आहे यावर अवलंबून आहे.

इतकी धडपड कशासाठी?

बहुतेकांना परवाना हवा असतो तो कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी लागणारा अनुभव मिळवायला. एक्सप्रेस एंट्रीमधील ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’ या गटात येण्यासाठी मागील तीन वर्षांत कॅनडात किमान एक वर्ष, म्हणजे १,५६० तास, कुशल नोकरीचा अनुभव लागतो. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेले काम त्यात धरले जात नाही. म्हणजे शिकता शिकता टिम हॉर्टन्सच्या काउंटरवर घालवलेले तास या हिशोबात शून्य.

आठ महिन्यांच्या परवान्यावर एक वर्षाचा अनुभव होऊच शकत नाही. सोळा महिन्यांच्या परवान्यावर होऊ शकतो, पण मग योग्य दर्जाची नोकरी पहिल्या चार महिन्यांत लागली पाहिजे आणि ती मध्येच सुटता कामा नये. ३६ महिन्यांच्या परवान्यावर दोन वर्षांचा अनुभव गाठता येतो आणि चाचपडायलाही वेळ मिळतो. एक्सप्रेस एंट्रीच्या गुणांकनात अविवाहित अर्जदाराला कॅनडातील एका वर्षाच्या अनुभवाचे ४०, दोन वर्षांचे ५३ आणि तीन वर्षांचे ६४ गुण मिळतात. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण बंद झाले आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष अनुभवाचे वजन वाढले.

दुसऱ्या कोर्सने शिक्षणाचे गुण वाढतात का? भारतातून पदवी घेऊन गेलेल्यांसाठी याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच आहे. भारतातील तीन किंवा चार वर्षांची पदवी आणि त्यावर कॅनडातील एक वर्षाचे सर्टिफिकेट असले, तर ‘दोन किंवा अधिक पात्रता, त्यातील एक किमान तीन वर्षांची’ या वर्गात अर्जदार बसतो. तिथे अविवाहित अर्जदाराला १२८ गुण असतात. दुसरे सर्टिफिकेट घेतले तरी ते १२८ च राहतात. कॅनडातील एक-दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जे १५ जादा गुण असतात, तेही दुसऱ्या सर्टिफिकेटने दुप्पट होत नाहीत. थोडक्यात, दुसरा कोर्स परवान्याच्या मुदतीसाठी विकत घेतला जातो आणि त्याची किंमत त्याच मापाने मोजली पाहिजे.

विवाहितांसाठी आणखी एक मुद्दा आहे. जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला ओपन वर्क परमिट हवा असेल, तर मुख्य परवानाधारकाची नोकरी ठरावीक दर्जाची असावी लागते आणि अर्जाच्या वेळी त्याच्या परवान्याचे किमान १६ महिने शिल्लक असावे लागतात. आठ अधिक आठ करून मिळालेला सोळा महिन्यांचा परवाना या अटीत व्यवहारात जवळजवळ कधीच बसत नाही, कारण नोकरी मिळेपर्यंत त्यातले काही महिने गेलेले असतात. शिकत असतानाही जोडीदाराला परवाना मिळतो तो किमान १६ महिन्यांची मास्टर्स, पीएचडी किंवा काही ठरावीक व्यावसायिक पदव्या करणाऱ्यांनाच. सर्टिफिकेट कोर्स करणाऱ्याला ती सोय नाही.

२०२४ नंतर काय बदलले?

सर्वांत मोठा बदल विषयांचा. १ नोव्हेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्यांना, पदवीचा अभ्यासक्रम नसेल तर, सरकारच्या यादीतील विषयातच शिक्षण घेतलेले असावे लागते. सुरुवातीला या यादीत शेती व अन्नप्रक्रिया, आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी आणि वाहतूक असे गट होते. २०२५ मध्ये शिक्षण हा गट जोडला गेला. बॅचलर्स, मास्टर्स आणि पीएचडी यांना विषयाची अट नाही.

या एका बदलाने ‘वन प्लस वन’चा जुना साचा मोडला. भारतीय विद्यार्थ्यांची गर्दी असायची ती व्यवसाय व्यवस्थापन, मनुष्यबळ व्यवस्थापन, मार्केटिंग अशा कोर्सना. कॉलेजच्या पातळीवरचे हे विषय यादीत बसत नाहीत. आणि प्रत्येक कोर्स स्वतंत्रपणे पात्र हवा, हा नियम इथेही लागू होतो. डेटा अॅनालिटिक्सचा पात्र कोर्स आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाचा अपात्र कोर्स जोडला, तर दुसऱ्याचे महिने हिशोबात येत नाहीत.

विषय यादीत आहे की नाही हे कोर्सच्या नावावरून ठरत नाही. प्रत्येक कोर्सला सीआयपी नावाचा सहा अंकी संकेतांक असतो आणि यादी त्या संकेतांकांची आहे. एकाच नावाचे दोन कॉलेजांतील कोर्स वेगवेगळ्या संकेतांकांखाली असू शकतात. म्हणून कॉलेजला हा संकेतांकच विचारावा. यादीही स्थिर नाही. जून २०२५ मध्ये तिच्यात काही विषय घातले गेले आणि काही काढले गेले. काढलेले विषय अवघ्या काही दिवसांत, जुलैच्या सुरुवातीला, तात्पुरते परत आले. विद्यार्थ्याला दिलासा एवढाच, की त्याचा विषय स्टडी परमिटच्या अर्जाच्या वेळी किंवा पीजीडब्ल्यूपीच्या अर्जाच्या वेळी, यांपैकी कोणत्याही एका वेळी यादीत असला तरी चालतो.

दुसरा बदल भाषेचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून पीजीडब्ल्यूपीच्या अर्जासोबत भाषा परीक्षेचा निकाल जोडावा लागतो. विद्यापीठातील पदवीधरांना कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्कची सातवी पातळी, तर कॉलेजच्या सर्टिफिकेट-डिप्लोमावाल्यांना पाचवी पातळी, तीही ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही भागांत. सातवी पातळी म्हणजे आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत प्रत्येक भागात ६. प्रवेशासाठी दिलेली आयईएलटीएस अॅकॅडमिक इथे चालत नाही. जनरल ट्रेनिंग, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोर यांपैकी एखादी परीक्षा वेगळी द्यावी लागते आणि निकाल दोन वर्षांच्या आतला असावा लागतो. दोन कोर्स करणाऱ्याने पहिल्या कोर्सच्या सुरुवातीलाच परीक्षा दिली, तर अर्जाच्या वेळेपर्यंत ती शिळी झालेली असू शकते.

तिसरा बदल संस्थांचा. परदेशी विद्यार्थ्यांना घेण्याची परवानगी असलेल्या संस्थेला डीएलआय म्हणतात, पण प्रत्येक डीएलआय पीजीडब्ल्यूपीसाठी पात्र नसते. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या भागीदार खासगी कॉलेजांत १५ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू केलेल्या शिक्षणावर परवाना मिळत नाही. प्रमाणपत्रावर सरकारी कॉलेजचे नाव असते, वर्ग मात्र खासगी इमारतीत भरतात. फसगत होते ती इथेच. क्यूबेकमधील विनाअनुदानित खासगी कॉलेजांसाठी असाच नियम १ सप्टेंबर २०२३ पासून आहे.

ऑनलाइन शिक्षणाचेही आता वेगळे गणित आहे. अभ्यासक्रमाचा किमान निम्मा भाग कॅनडात प्रत्यक्ष वर्गात झालेला असावा लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून कॅनडाबाहेर बसून केलेले शिक्षण मुदतीतून वजा होते. दुसऱ्या कोर्सचे पहिले सत्र सांगलीत बसून केले, तर ते महिने बेरजेत येणार नाहीत.

दोन कोर्सच्या मधला काळ

पहिला कोर्स संपला की स्टडी परमिट, त्यावर पुढची तारीख छापलेली असली तरी, ९० दिवसांनी संपुष्टात येतो. दुसरा कोर्स करायचा असेल तर त्याआधीच परमिटच्या मुदतवाढीचा किंवा नव्या परमिटचा अर्ज गेलेला असावा लागतो. दोन कोर्समधील अंतर १५० दिवसांच्या आत ठेवावे लागते. एप्रिलमध्ये कोर्स संपला आणि पुढचा सप्टेंबरमध्ये सुरू होणार असेल, तर हे अंतर मर्यादेच्या अगदी जवळ जाते. दिवस मोजूनच तारीख ठरवावी.

संस्था बदलायची असेल तर काम वाढते. ८ नोव्हेंबर २०२४ पासून डीएलआय बदलण्यासाठी नवा स्टडी परमिट घ्यावा लागतो. पूर्वी ऑनलाइन खात्यात नोंद बदलली की भागत असे. विद्यार्थीसंख्येवरील मर्यादेमुळे सुरू झालेले प्रोव्हिन्शियल अटेस्टेशन लेटर, म्हणजे प्रांताचे संमतीपत्र, हेही पुन्हा लागू शकते. त्याच संस्थेत त्याच पातळीचा दुसरा कोर्स घेतल्यास त्यातून सूट मिळते. म्हणून जोडाजोडी करणारे शक्यतो कॉलेज बदलत नाहीत.

पैशांची बाजू अनेकदा शेवटी आठवते. क्यूबेक सोडून इतर प्रांतांसाठी, एकट्या विद्यार्थ्याला शुल्क आणि प्रवासखर्चाव्यतिरिक्त वर्षाच्या राहणीखर्चापोटी दाखवावी लागणारी रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे. भारतातील बँकेने मंजूर केलेले शैक्षणिक कर्ज पहिल्या कोर्सपुरते असते. साधारणतः कोर्सचा कालावधी आणि पुढे एक वर्ष एवढी हप्त्यांतून सवलत मिळते. मुलगी दुसऱ्या कोर्सला बसली की पहिल्या कर्जाचे घड्याळ आपोआप थांबत नाही. वाढीव कर्ज आणि वाढीव सवलत यांसाठी बँकेकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि सवलतीच्या काळातही व्याज चढतच असते. वडिलांनी सांगली-साताऱ्याकडची जमीन किंवा राहता फ्लॅट तारण ठेवला असेल, तर ‘अजून आठच महिने’ या वाक्याचा अर्थ बँकेच्या कागदावर बराच वेगळा दिसतो.

इतर देशांत अशी बेरीज होते का?

ऑस्ट्रेलियात थोडेफार साम्य आहे. तिथल्या ४८५ क्रमांकाच्या व्हिसासाठी ९२ आठवड्यांच्या नोंदणीकृत अभ्यासक्रमाची अट एकापेक्षा जास्त कोर्स मिळून पूर्ण करता येते. मात्र ती बेरीज पात्रतेसाठी आहे, मुदत वाढवण्यासाठी नाही. ब्रिटनच्या ग्रॅज्युएट रूटवर दोन मास्टर्स केल्या तरी दोन वर्षेच मिळतात, तीही एकदाच. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी ती मुदत १८ महिने होणार आहे आणि पीएचडीधारकांना मात्र तीन वर्षे कायम राहतील. अमेरिकेतील ओपीटी शिक्षणाच्या प्रत्येक वरच्या पातळीला १२ महिने मिळते, त्यामुळे त्याच पातळीवरची दुसरी मास्टर्स नवे १२ महिने देत नाही.

अर्ज करताना

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची लेखी खात्री संस्थेकडून मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करावा लागतो. यातही स्टडी परमिटची ९० दिवसांची मर्यादा विसरता येत नाही. कॅनडात राहूनच अर्ज करायचा असेल, तर परमिट जिवंत असतानाच तो करणे सोयीचे. वेळेत अर्ज केला आणि इतर अटी पाळल्या असतील, तर निर्णय येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येते. पूर्वी अमेरिकेच्या सीमेवर जाऊन लगेच परवाना घेऊन येण्याची पद्धत होती. पीजीडब्ल्यूपीसाठी ती २१ जून २०२४ पासून बंद आहे.

दोन कोर्स जोडायचे असतील तर दोन्हींची पूर्णत्वाची पत्रे आणि दोन्हींच्या गुणपत्रिका जोडाव्यात. सोबत एक छोटे स्पष्टीकरणपत्र द्यावे : पहिला कोर्स कोणता, किती महिन्यांचा, कोणत्या तारखेला संपला, दुसरा कोणता, आणि एकत्रित मुदतीची विनंती. अर्जाच्या नमुन्यात दोन कोर्सच्या बेरजेसाठी ठळक जागा नाही. फक्त शेवटच्या कोर्सची कागदपत्रे दिली, तर अधिकारी तेवढ्यावरच मुदत ठरवेल. शेवटचे सत्र सोडून प्रत्येक सत्रात विद्यार्थी पूर्णवेळ होता, हे गुणपत्रिकेवरून दिसले पाहिजे. मधेच एखादे सत्र अर्धवेळ झाले असेल, तर त्याचे कारण आणि संस्थेने दिलेली रजेची परवानगी जोडावी.

पासपोर्टची मुदत अर्जाआधी तपासावी. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. बारावीनंतर काढलेला दहा वर्षांचा पासपोर्ट दुसऱ्या कोर्सच्या अखेरीस संपत आलेला असणे अगदी शक्य आहे. अशा वेळी परवाना छोटा मिळतो. पासपोर्टचे नूतनीकरण झाल्यावर उरलेल्या काळासाठी अर्ज करून तो पुढे वाढवता येतो. हीच ती वर उल्लेखलेली मुदतवाढ. तरी पासपोर्ट आधी नवा करून मगच अर्ज करणे कमी कटकटीचे.

सल्ला कोणाचा घ्यावा, याचाही नियम आहे. कॅनडाच्या इमिग्रेशनबाबत पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक वकिलांना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’कडे नोंदणी असलेल्या सल्लागारांना आहे. भारतातील प्रवेश एजंट सहसा यांत मोडत नाहीत. त्यांचे उत्पन्न बहुधा कॉलेजकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालते, त्यामुळे दुसरा प्रवेश हे त्यांच्यासाठी दुसरे कमिशन असते.

बेरीज न धरता परवाना कमी मुदतीचा आला, तर गप्प बसू नये, कारण दुसरा पीजीडब्ल्यूपी मिळणार नसतो. आयआरसीसीच्या वेब फॉर्मवरून दोन्ही पत्रे पुन्हा जोडून फेरविचाराची विनंती करता येते. त्याने काम झाले नाही, तर फेडरल कोर्टात दाद मागण्याचा मार्ग आहे. कॅनडात असताना झालेल्या निर्णयाविरुद्ध त्यासाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि फेरविचाराची विनंती केली म्हणून हे दिवस मोजायचे थांबत नाहीत.